मलमाच्या डबीतल्या गोळ्या

सेंट पॉल, मिनेसोटा
९ नोव्हेंबर २००६

धाकट्या नेंग,

फोनवर बोलायची सोय नाही म्हणून लिहितोय. मी फोन उचलला की माझी लेक पा कू दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलते, आणि बाप काय बोलला ते संध्याकाळपर्यंत पाचही भावंडांना कळतं. बान विनायच्या निर्वासित छावणीत आपण चुलतभाऊ एकाच पाटीवर लिहायला शिकलो, ते आता उपयोगी पडतंय.

उजव्या पायाचा अंगठा पुन्हा सुजलाय. तोच गाउट. चादरीचा काठ लागला तरी जीव जातो. खारींच्या शिकारीचा मोसम भरात आहे आणि माझी बंदूक कोपऱ्यात उभी आहे. शेजारचा तू ये नावाचा पोरगा रोज दोन-तीन खारी घेऊन येतो आणि दारातूनच विचारतो, म्हातारबा, आज तरी येणार का. एकदा बरा झालो की त्याला दाखवतो.

खरं संकट वेगळंच आहे. शी घराण्यातले म्हातारे बाबा गेले. त्यांचे मुलगे परवा आले. रीतीप्रमाणे दारूचे दोन पेले ओतले, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं आणि मयताला केंग वाजवायला या म्हणाले. गुडघे टेकलेल्या माणसाला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही, आणि पूर्ण गाणं येणारा मी या शहरात आता एकटा. पेले प्यालो. अंत्यविधीचा हॉल चोवीस तारखेपासून मिळालाय.

तीन दिवस केंगच्या सहा बांबूच्या नळ्या फुंकत उकिडवं बसायचं, उठायचं, गिरक्या घ्यायच्या. म्हाताऱ्याला एकेक मुक्काम सांगत, या थंड शहरातून छावणीत, छावणीतून मेकाँगपलीकडे आणि तिथून डोंगरातल्या ज्या घरात त्याची नाळ पुरली त्या घरापर्यंत पोचवायचं. एक मुक्काम चुकला तर तो बिचारा वाटेतच राहायचा. अंगठा असा असताना मी कसा बसणार?

डॉक्टरकडे जात नाही. तो आधी म्हणेल, तीन दिवस उभं राहू नका. उन्हाळ्यात चार दिवस हॉस्पिटलात काढले तेवढे पुरे. ते दाताचं होतं, तुला सांगितलंच आहे.

तुझ्या अंगठ्याला फ्रेस्नोच्या डॉक्टरने काही दिलं होतं ना?

चेर वा


फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
१५ नोव्हेंबर

दादा,

एका दाताला चार दिवस? दात हत्तीचा होता का?

पाकिटात वाघछाप मलमाची डबी आहे. मलम नाही, गोळ्या आहेत. बाटली पाठवली असती तर पा कूने नाव वाचलं असतं. पांढऱ्या आहेत, पन्नास. सकाळी एक, संध्याकाळी एक. पहिल्या दिवशी दुखणं फार असेल तर तीन घे, मी घेतो. पोट थोडं ढिलं होईल, तर हॉलमध्ये संडासाच्या जवळ उभा राहा. मी दोन वर्षं रोज घेतोय आणि बघ, एकसष्टाव्या वर्षी एकर-दीड एकर स्ट्रॉबेरी आणि गवती चहा एकट्याने सांभाळतो. माझा मुलगा तीस वर्षांचा आहे आणि पायऱ्या चढून धापा टाकतो.

एक खरं सांगतो. हल्ली सरीत बसलो की उठताना बादलीची कड धरावी लागते. काल तर बादलीच उलटली आणि मी तिच्यावर. सूनबाई खिडकीतून बघत होती, हसली. म्हटलं, हस बाई, तुझंही वय होणार आहे.

शी बाबांना नीट पोचव. त्यांनी मला छावणीत पहिली चप्पल दिली होती. मी केंग अर्ध्यात सोडली म्हणून तू अजून टोमणे मारतोस हे मला ठाऊक आहे, पण बरंच झालं. तुझ्यासारखी छाती माझ्याकडे कुठे आहे.

नेंग चू


सेंट पॉल
४ डिसेंबर

नेंग,

तुझ्या गोळ्यांना दंडवत. दुसऱ्या दिवशी सूज उतरली, चौथ्या दिवशी बूट घातला. तीन दिवस वाजवलं. शी बाबा घरी पोचले, माझी खात्री आहे, कारण शेवटच्या मुक्कामाला त्यांची धाकटी लेक रडायची थांबली. लोकांनी गाय कापली होती, आणि वाजवणाऱ्याच्या ताटात चांगले तुकडे पडतात. काळीज, भेजा, पित्त घालून केलेला रस्सा, सगळं खाल्लं. म्हटलं, डबी खिशात आहे, अंगठ्याला भ्यायचं कशाला.

शी लोकांचं बघून हेर घराण्याने त्यांच्या आईसाठी बोलावलंय. विसाव्या तारखेला. तेही गुडघे टेकून गेले. म्हणून गोळ्या सोडल्या नाहीत, दोन रोज चालू आहेत. अजून थोड्या पाठव.

मांड्या मात्र फार दुखतात. तीन दिवसांच्या उठबशांनी दुखणारच, पण यंदा जास्त दिवस चाललंय. जिना चढताना कठडा धरतो. पा कू म्हणते डॉक्टरला विचारू. मी म्हटलं, डॉक्टरने कधी केंग वाजवली आहे का? शी लोकांची तरुण पोरं तीन दिवस पाहुण्यांपुढे गुडघे टेकत होती, तीसुद्धा आठवडाभर बदकासारखी चालत होती. त्यांना कोण डॉक्टरकडे नेतं?

चेर वा


फ्रेस्नो
११ डिसेंबर

दादा,

चाळीस गोळ्या पाठवतोय.

मांड्यांचं काय एवढं. पासष्टीला आलेला माणूस तीन दिवस उकिडवा नाचला तर मांड्या दुखणार नाहीत तर काय कान दुखतील? गरम पाण्याने शेक, आणि येर वहिनीला सांग की कोंबडी पाल्यात उकडून दे, बाळंतिणीला देतात तशी. गोळी मात्र थांबवू नकोस. थांबवलीस की अंगठा परत धरेल, आणि मग हेर लोकांसमोर एका पायावर नाचशील.

इकडे धुकं आहे, शेत दिसत नाही. माझ्याही पायांत ताकद नाही, पण माझं थंडीने.

नेंग चू


सेंट पॉल
२२ डिसेंबर

नेंग,

अक्षर वाकडं आहे, समजून घे. पलंगावर बसून लिहितोय.

परवा हेर लोकांकडे पडलो. पहिल्याच दिवशी दुपारी, मेकाँगच्या काठापर्यंत आलो होतो. उकिडवा बसलो, फुंकत राहिलो, उठायची वेळ आली आणि उठताच येईना. दुखत होतं म्हणून नव्हे. पाय माझे नव्हतेच जणू. केंग हातातून सुटली आणि वर मी. मेलेली बाई नदीच्या काठावर उभी आणि वाट सांगणारा जमिनीवर पडलेला. शेवटी विस्कॉन्सिनहून एकाला बोलावलं, तो दीड तासाने आला. दीड तास ती बाई तिथेच. पंचवीस वर्षांत माझ्याकडून असं कधी झालं नव्हतं. मला त्यांच्या मुलांच्या तोंडाकडे बघवेना.

तुझी वहिनी म्हणते माझा एक आत्मा दचकून कुठेतरी राहिला. उद्या घरी त्या आत्म्याचं बोलावणं करणार आहेत, कोंबडी-अंडी आणून ठेवली आहेत.

आणखी एक गोष्ट, फक्त तुला सांगतो. काल सकाळपासून लघवी काळपट होतेय, कोऱ्या कॉफीसारखी. पा कूला सांगू नकोस. ती लगेच गाडी काढेल आणि घरी बोलावणं राहून जाईल. बोलावणं झालं की बरं वाटेल.

चेर वा


सेंट पॉल
२९ डिसेंबर

नेंग काका,

मी पा कू. बाबा तेवीस तारखेपासून हॉस्पिटलमध्ये आहेत. बोलावणं चालू असताना त्यांना खुर्चीतून उठता येईना, हात वर धरता येईना, आणि आईला संडासात लघवीचा रंग दिसला. डॉक्टर म्हणतात त्यांचे स्नायू आतून तुटत आहेत आणि तो चोथा मूत्रपिंडात अडकतोय. सलाइनवर सलाइन चालू आहे. मूत्रपिंडं थांबली तर यंत्राला जोडावं लागेल असं काल सांगितलं.

डॉक्टर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. बाबा आणखी काय घेत होते? तुम्हाला बाबांनी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगते. उन्हाळ्यात त्यांचा दात काढला नव्हता. हृदयाची नळी बंद झाली होती, ती उघडून आत जाळी बसवली. तेव्हापासून रक्तातली चरबी कमी करायची गोळी रोज रात्री घेतात. हृदयाचं कळलं तर कुणी केंग वाजवायला बोलावणार नाही म्हणून आम्हा सगळ्यांना गप्प बसवलं होतं. डॉक्टर म्हणतात त्या गोळीने क्वचित असं होतं, पण इतकं सहसा होत नाही, तिच्या जोडीला काहीतरी असलं पाहिजे. त्यांची मूत्रपिंडं आधीच थोडी कमजोर होती.

त्यांच्या कोटाच्या खिशात वाघछाप मलमाची डबी सापडली. तळाला पांढरी भुकटी आहे. कसली विचारलं तर म्हणतात जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या, नाव आठवत नाही. खोटं बोलतात तेव्हा छताकडे बघतात, तसेच बघत होते.

मी तुम्हाला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुमची सून म्हणाली काका शेतात आहेत. या दिवसांत तिथे पाच वाजता अंधार पडतो ना? एकदा तर सात वाजले होते. काका, मी कुणाला दोष द्यायला विचारत नाही. तुम्हाला काही माहीत असेल तर हे पत्र मिळताच फोन करा. रात्री-अपरात्री केला तरी चालेल. हॉस्पिटलचा नंबर खाली दिला आहे.

पा कू


फ्रेस्नो
३ जानेवारी २००७

दादा,

काल दुपारी मी फोन केला हे पा कूने तुला सांगितलं असेल. ती फोनवर एक शब्दही उलटा बोलली नाही. तिने गोळीचं नाव स्पेलिंग करून घेतलं, रोज किती, कधीपासून, ते लिहून घेतलं, आणि थँक्यू काका म्हणाली. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तिन्ही वेळा मी घरात होतो. पहिल्या वेळी सोफ्यावर होतो. सूनबाईला हाताने खूण केली, नाही म्हणून सांग. तुझं काळ्या लघवीचं पत्र दोन दिवस आधीच आलं होतं आणि उशीखाली होतं. वाचलं तेव्हाच मला माझ्या गोळ्यांचा संशय आला होता. पण तू म्हणालास सांगू नकोस, आणि मी तुझ्या त्या शब्दामागे लपलो. खरी भीती वेगळी होती. माझ्या गोळ्या खाऊन तू मेलास तर घराण्यात माझं तोंड कुठे राहणार, ही ती भीती. तू तिकडे पडून माझं नाव झाकत होतास आणि मी इकडे सोफ्यावर बसून माझंच नाव झाकत होतो.

तू असा छताकडे बघत पडला होतास, हे पत्रात वाचलं तेव्हा मी लहान पोरासारखा रडलो. मधाची पोळी मी चोरली होती आणि मार तू खाल्लास, तेव्हाही तू असाच छपराकडे बघत होतास.

माफी मागत नाही, एवढ्याला माफी पुरत नाही. तू जगलास एवढं फक्त कुणीतरी कळवा.

नेंग चू


सेंट पॉल
१९ फेब्रुवारी

नेंग,

जगलो. यंत्राला जोडावं लागलं नाही, थोडक्यात वाचलं. आता धरून धरून चालतो. एक गोरी पोरगी रोज येते आणि मला खुर्चीतून उठायला शिकवते. पंचवीस वर्षं उकिडवा नाचलेल्या माणसाला उठायला शिकवते. तिला वाटतं मी चिडतो ते दुखतं म्हणून.

तुझ्या फोननंतर हॉस्पिटलातली औषधांची बाई आली. आपल्यातलीच आहे, वांग घराण्यातली, माझ्या नातीएवढी असेल. घरातल्या सगळ्या बाटल्या तिने आणवल्या आणि जेवणाच्या ट्रेवर रांगेत मांडल्या. शेवटी ती रिकामी मलमाची डबी ठेवली. मग म्हणाली, आजोबा, या गोळ्या एकमेकींच्या वैरी नाहीत. खूप लोक दोन्ही घेतात आणि धडधाकट असतात. पण दोन्ही स्नायूंवर ताण टाकतात, आणि तुमची मूत्रपिंडं गाउटची गोळी नीट बाहेर टाकत नाहीत, ती आत साठत गेली. डॉक्टरला माहीत असतं तर त्याने गोळी कमी दिली असती नाहीतर दुसरी दिली असती, मध्ये रक्त तपासलं असतं, आणि मांड्या दुखल्या त्याच दिवशी बोलावलं असतं.

मी म्हटलं, मग हृदयाची गोळी कायमची बंद करतो, पीडा गेली. ती माझ्यावर अशी ओरडली की नर्स डोकावली. म्हणाली, आत्ता डॉक्टरांनी थांबवली आहे, पुढे कोणती आणि किती ते तेच ठरवतील. आपल्या मनाने थांबवाल तर पुढच्या खेपेला जाळी नाही, हॉलच बुक करावा लागेल. आपल्या माणसांना ही पोर बरोबर ओळखते. आता अंगठ्यासाठी वेगळं औषध चालू केलंय, रक्तातला खडाच कमी करणारं, हळूहळू वाढवायचं. खारी नि काळीज बंद.

तुझ्यावर रागावलो होतो. खोटं कशाला बोलू. गोळ्यांसाठी नव्हे, त्या मीच मागितल्या आणि हृदयाचं मीच लपवलं. सोफ्यासाठी रागावलो होतो. अजून थोडा आहे, पण तो राहू दे, माझं मी बघतो.

आता मुद्द्याचं. दिवसभर पडून असतो म्हणून तुझी जुनी पत्रं काढून वाचली. नोव्हेंबरच्या पत्रात तू लिहितोस की सरीतून उठताना बादलीची कड धरावी लागते. आणि बादली उलटली. डिसेंबरात लिहितोस, पायांत ताकद नाही, थंडीने. नेंग, फ्रेस्नोत कसली थंडी? मी सेंट पॉलात राहतो. त्या गोऱ्या पोरीने मला पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं, उठताना कशाला धरावं लागतं का?

तू दोन वर्षं त्या गोळ्या रोज खातोस. तू आणखी काय खातोस? मला दाताची गोष्ट सांगू नकोस, ती माझी आहे.

मी मोठा भाऊ म्हणून सांगतोय. हे पत्र वाचलंस की घरातली प्रत्येक बाटली, प्रत्येक डबी, सूनबाईने ठेवलेली आणि तू बागेतून उकळून पितोस तीसुद्धा, एका पिशवीत भर आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. नाही गेलास तर काठी टेकत विमानात बसेन आणि तुझ्या दारात येऊन, तुझ्या सुनेसमोर, तुझ्यापुढे गुडघे टेकेन. टेकता येतात. उठता येत नाही. मग तूच मला उचल.

चेर वा


फ्रेस्नो
८ मार्च

दादा,

गेलो.

पिशवी भरताना सूनबाई शेजारी उभी होती, म्हणून एकही बाटली लपवता आली नाही. पाच वर्षांपासून मीही रक्तातल्या चरबीची गोळी घेतो. तुला सांगितलं नव्हतं, कारण मी सगळ्यांना सांगत फिरतो की माझं शरीर भाजी-भाताचं आहे आणि अमेरिकेने त्याला हात लावलेला नाही. गाउटची गोळी दुसऱ्या दवाखान्यातून घ्यायचो. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती, आणि दोघांना माझी.

डॉक्टरीण तरुण आहे. तिने मला खुर्चीत बसवलं, हात छातीवर घडी करायला लावले आणि म्हणाली, उठा. मी हसलो. हे काय, उठतो की. नाही उठलो, दादा. दुसऱ्यांदाही नाही. सूनबाई मागे होती, ती या वेळी हसली नाही. तिने माझा खांदा धरला आणि धरूनच ठेवला.

रक्तात तोच चोथा निघाला, तुझ्याएवढा नाही. मूत्रपिंडंही कमजोर आहेत, ते मला माहीतच नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, गाउटची गोळी आजपासून बंद, चरबीची सध्या थांबवून नंतर बदलू, दोन आठवडे रोज भरपूर पाणी आणि दर तीन दिवसांनी रक्त. म्हणाली, महिनाभर उशीर केला असता तर तुम्हीही तुमच्या भावासारखे आत असता. मग विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं यायला? मी म्हटलं, पत्राने.

आता शेत मुलाकडे आहे. तो धापा टाकतो, पण उठतो.

एक मागणं आहे. मी कायम धरून चाललो होतो की माझ्या वेळी केंग तूच वाजवशील. फ्रेस्नोपासून सुरू करशील, छावणीतून नेशील, नदी ओलांडशील आणि आपल्या गावी, जिथे दोघांच्या नाळा एकाच घराच्या खांबाशी पुरल्या आहेत तिथे सोडशील. त्या वाटेवर मी निघालोच होतो आणि मला ठाऊकही नव्हतं. तू मध्येच हाक मारून मला परत घरी आणलंस.

तुझ्या मांड्यांना आता उकिडवं बसवणार नाही, असं पा कू म्हणाली. मग पुढे कोण वाजवणार? जूनमध्ये मी येतोय. अर्ध्यात सोडलेलं गाणं मला पुन्हा शिकव. तू खुर्चीत बसून सांग, मी उठबशा काढेन. मलाही अजून उठता येत नाही, पण जूनपर्यंत येईल म्हणतात. येताना माझ्या सगळ्या बाटल्या पिशवीत घेऊन येईन. तुझ्या तू तुझ्याजवळ ठेव.

नेंग चू